पर्यायी प्रथिनांच्या क्षेत्रात पहिले पाऊल टाकताना

पर्यायी प्रथिनांच्या, म्हणजे प्राण्यांपासून मिळणाऱ्या मांस-दुधाला पर्याय ठरणाऱ्या प्रथिनांच्या, क्षेत्रात काम करायचे आहे असे सांगत कोणी भेटले, की मी प्रथम एकच प्रश्न विचारतो: यातील नेमकी कोणती अडचण तुम्हाला सोडवायची आहे? उत्तर बहुतेक वेळा हवामानबदलाविषयी, प्राण्यांविषयी किंवा वाढत्या लोकसंख्येच्या पोषणाविषयी येते. ती तळमळ खरी असते आणि ती असायलाच हवी. मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे १४.५ टक्के वायू पशुपालनाच्या साखळीतून बाहेर पडतात, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये मांडला होता; तेव्हा प्रश्न मोठा आहे याबद्दल दुमत नाही. परंतु नोकरी देणारी व्यक्ती तळमळ गृहीत धरते आणि त्यापुढचे पाहते: वाटाण्याच्या प्रथिनाचा कच्चट वास हा माणूस घालवू शकेल का, टाकीतील द्रवात लिटरमागे मिळणारे उत्पादन वाढवू शकेल का, परवानगीसाठी लागणारी कागदपत्रे तयार करू शकेल का? म्हणून क्षेत्र निवडण्याऐवजी अडचण निवडावी, आणि ती सोडवण्यासाठी लागणारे एक कौशल्य खोलवर शिकावे, हे माझे पहिले सांगणे आहे.

अडचण निवडायची तर आधी वाटा ओळखाव्या लागतात. ढोबळमानाने त्या तीन आहेत: वनस्पतीजन्य प्रथिने, किण्वन (सूक्ष्मजीव वाढवून अन्न किंवा त्यातील घटक मिळवणे) आणि पेशीसंवर्धित मांस.

वनस्पतीजन्य प्रथिने

सोयाबीन, वाटाणा, गहू किंवा अन्य धान्य-कडधान्यांतून प्रथिन वेगळे करणे आणि त्याला मांसासारखा किंवा दुधासारखा पोत देणे हे या वाटेवरचे मुख्य काम आहे. पोत देणारे यंत्र म्हणजे दोन स्क्रूंचा एक्स्ट्रूडर. त्यात ओलसर प्रथिनाचा लगदा साधारण १३० ते १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि नंतर तो लगदा कूलिंग डाय नावाच्या लांब, थंड केलेल्या साच्यातून पुढे ढकलला जातो. साच्याच्या भिंतीलगतचा थर थंड होऊन संथ सरकतो, मधला थर अजून गरम असल्याने वेगाने पुढे जातो, आणि या ओढाताणीतून तंतू तयार होतात. पाण्याचे प्रमाण किंवा साच्याचे तापमान थोडे जरी चुकले, तरी तंतूंऐवजी रबरासारखा गोळा तरी बाहेर पडतो किंवा भुसभुशीत चुरा तरी. हे पुस्तकातून कळते, पण समजते ते यंत्राजवळ उभे राहूनच. म्हणून या वाटेने जाणाऱ्याने एक्स्ट्रूडरवर प्रत्यक्ष तास मोजून काम करायला मिळेल अशी जागा शोधावी, मग ती न्याहारीचे पदार्थ बनवणाऱ्या किंवा पशुखाद्य तयार करणाऱ्या कारखान्यात का असेना.

चव हा इथला दुसरा मोठा विषय आहे. कडधान्यांचा कच्चट वास मुख्यत्वे लायपॉक्सिजनेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण होऊन तयार होणाऱ्या हेक्झॅनलसारख्या संयुगांतून येतो, आणि ही संयुगे प्रथिनाला घट्ट चिकटून बसतात. ज्याला रसायनशास्त्राची आवड आहे आणि ज्याचे नाक तीक्ष्ण आहे, त्याच्यासाठी यात अनेक वर्षांचे काम आहे.

किण्वन

नवागताला मी बहुधा याच वाटेची शिफारस करतो, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहितो. किण्वनाचा एक प्रकार म्हणजे सूक्ष्मजीवच अन्न म्हणून वाढवणे. ब्रिटनमध्ये १९८५ साली बाजारात आलेले क्वॉर्न हे त्याचे जुने आणि टिकून राहिलेले उदाहरण आहे. त्यात फ्युझेरियम व्हेनेनाटम ही बुरशी उंच फर्मेंटरमध्ये, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवण्याच्या बंद टाकीत, हवेच्या प्रवाहावर वाढवली जाते. वेगाने वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत आरएनए (पेशीतील जनुकीय संदेश वाहणारे रसायन) भरपूर असते आणि ते पोटात गेल्यावर त्याचे यूरिक ॲसिड बनते, जे वाढले तर अपाय करते, म्हणून काढणीपूर्वी बुरशीला उष्णता देऊन तिच्यातील आरएनएचे प्रमाण घटवले जाते. या एका पायरीत सूक्ष्मजीवशास्त्र, पोषणशास्त्र आणि प्रक्रिया अभियांत्रिकी एकत्र आलेली दिसतात. अन्न-जैवतंत्रज्ञानातील रोजचे काम असेच असते.

दुसरा प्रकार प्रिसिजन फर्मेंटेशनचा. यात यीस्ट, बुरशी किंवा जिवाणू यांच्यात हव्या त्या प्रथिनाचे जनुक बसवून त्यांच्याकडून ते प्रथिन तयार करून घेतात. हा प्रकार नवा वाटतो, पण चीजसाठी लागणारे कायमोसिन हे विकर अशा रीतीने तयार करण्यास अमेरिकेत १९९० मध्येच मान्यता मिळाली होती. त्यापूर्वी ते वासरांच्या जठरातून काढावे लागे. इम्पॉसिबल फूड्सने २०१६ मध्ये बाजारात आणलेल्या बर्गरमधील, मांसासारखी चव आणि रंग देणारे हीम-प्रथिन यीस्टकडून तयार करून घेतलेले असते, तर पर्फेक्ट डे ही कंपनी दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन बुरशीकडून मिळवते.

ही वाट सुचवण्याचे माझे कारण अगदी व्यावहारिक आहे. फर्मेंटर चालवता येणाऱ्या माणसाची गरज विकरे, प्रतिजैविके, लसी, जीवनसत्त्वे आणि मद्यनिर्मिती अशा अनेक उद्योगांना असते. पर्यायी प्रथिनांतील गुंतवणूक २०२१ नंतर बरीच आटली, काही कंपन्या बंद पडल्या आणि अनेकांनी माणसे कमी केली. त्या काळात ज्यांच्या हाती किण्वनाचे किंवा शुद्धीकरणाचे पक्के कौशल्य होते, ते शेजारच्या उद्योगात गेले आणि त्यांतील काही जण संधी मिळताच परतही आले. आवडत्या क्षेत्राबाहेरही ज्याचा उपयोग होईल असे कौशल्य हाती असले, म्हणजे त्या क्षेत्रात धीराने टिकून राहता येते.

पेशीसंवर्धित मांस

प्राण्याच्या पेशी घेऊन त्या बायोरिॲक्टरमध्ये, म्हणजे नियंत्रित टाकीत, वाढवणे ही तिसरी वाट. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त विद्यापीठाचे मार्क पोस्ट यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये लंडन येथे असा पहिला बर्गर लोकांसमोर शिजवून दाखवला. त्या एका बर्गरचा खर्च सुमारे अडीच लाख युरो होता. विक्रीची पहिली परवानगी डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने दिली आणि जून २०२३ मध्ये अमेरिकेने दोन कंपन्यांना मान्यता दिली. मात्र इटलीने २०२३ मध्ये आणि अमेरिकेतील फ्लोरिडा व अलाबामा या राज्यांनी २०२४ मध्ये त्यावर बंदी घालणारे कायदे केले, हेही या वाटेने जाणाऱ्याने डोळ्यांआड करू नये.

इथल्या अडचणी खडतर आहेत. पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात पूर्वी गायीच्या गर्भातील रक्तद्रव वापरला जाई. त्याऐवजी वाढघटक, म्हणजे पेशींना वाढण्याचा इशारा देणारी प्रथिने, वापरावे लागतात आणि ते महाग पडतात. प्राण्यांच्या पेशी संथ वाढतात, त्यामुळे एखादा जिवाणू आत शिरला तर तो काही तासांत सारी टाकी व्यापून टाकतो. २०२१ मध्ये डेव्हिड हंबर्ड यांनी या तंत्राच्या खर्चाचे तपशीलवार विश्लेषण प्रसिद्ध केले आणि मोठ्या प्रमाणावर स्वस्त उत्पादन का अवघड आहे हे आकड्यांनिशी दाखवले. या वाटेची ओढ असलेल्या प्रत्येकाने ते विश्लेषण मुळातून वाचावे, त्यातील कोणते गृहीतक बदलता येईल याचा विचार करावा, आणि मुलाखतीत त्याविषयी बोलण्याची तयारी ठेवावी. जैवऔषधांच्या कारखान्यात पेशीसंवर्धनाचा अनुभव घेऊन इकडे येणाऱ्यांना इथे मान आहे आणि तो योग्यच आहे.

शिक्षण किती आणि कोठे

सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, अन्नतंत्रज्ञान, रासायनिक अभियांत्रिकी आणि यंत्र अभियांत्रिकी यांपैकी कोणत्याही पदवीनंतर या क्षेत्राचे दार उघडते. डॉक्टरेट हवीच का, असा प्रश्न नेहमी येतो. नवा स्ट्रेन (सूक्ष्मजीवाचा वाण) किंवा नवी सेल लाइन (सतत वाढत राहणाऱ्या पेशींचा वंश) विकसित करण्याचे संशोधन करायचे असेल तर ती जवळजवळ आवश्यक आहे. प्रक्रिया, उत्पादन, गुणवत्ता, संवेदी परीक्षण (चव, वास, पोत यांची पारख) किंवा नियामक कामासाठी नाही. चार-पाच वर्षे एका प्रश्नाला वाहून घेण्याची मनापासून इच्छा असेल तरच डॉक्टरेट करावी. नुसती पात्रता वाढवण्यासाठी ती करू नये.

नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठ अन्नविज्ञानासाठी, तर अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठ पेशीय शेतीसाठी, म्हणजे पेशी वाढवून अन्न तयार करण्याच्या संशोधनासाठी, ओळखले जाते. २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी, लंडनचे इम्पीरियल कॉलेज आणि नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर येथे शाश्वत प्रथिनांसाठी ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांच्या निधीची केंद्रे जाहीर झाली. २०१६ मध्ये स्थापन झालेली द गुड फूड इन्स्टिट्यूट ही ना-नफा संस्था या विषयावर मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते आणि संशोधनासाठी अनुदानही देते. सुरुवात तिथून करावी, कारण त्याला वेळेखेरीज काही लागत नाही. विद्यापीठ निवडताना मात्र नावापेक्षा मार्गदर्शक पाहावा. त्यांचे अलीकडचे शोधनिबंध वाचावेत, त्यांच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात ते पाहावे, आणि शक्य झाल्यास त्यांतील एकाशी बोलून मगच अर्ज करावा.

घरच्या टेबलावर सुरू करता येणारा प्रयोग

प्रयोगशाळा मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. वाळलेल्या वाटाण्याचे बारीक पीठ १०० ग्रॅम घ्यावे, १ लिटर पाण्यात कालवावे आणि खाण्याचा सोडा थोडा थोडा घालून पीएच (आम्लतेचे माप; सातखाली आम्ल, सातवर अल्क) आठच्या आसपास आणावा. पीएच मोजण्याच्या कागदी पट्ट्या यासाठी पुरतात. तासभर ढवळून भांडे काही तास थंड जागी स्थिर ठेवले, की तळाशी पिठूळ स्टार्चचा घट्ट थर बसतो आणि वर गढूळ पाणी राहते. ते पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून कापडातून गाळावे आणि त्यात व्हिनेगर थेंबाथेंबाने सोडावे. आधी सोड्यामुळे फेस येईल, म्हणून भांडे मोठे घ्यावे. पीएच साडेचारच्या जवळ आला की ते पाणी दूध नासावे तसे फाटते आणि गुठळ्या खाली बसू लागतात. या पीएचला प्रथिनावरील धन आणि ऋण प्रभार जवळपास समान होतात, प्रथिनाचे कण एकमेकांना दूर लोटेनासे होतात आणि विरघळलेले प्रथिन बाहेर येते. कारखान्यातील प्रोटीन आयसोलेटची (जवळपास शुद्ध प्रथिनाच्या पुडीची) प्रक्रियाही मुळात याच तत्त्वावर चालते. हा प्रयोग शिकण्यासाठी आहे. त्यातून निघालेला पदार्थ खाऊ नये.

यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. गुठळ्या गाळून, वाळवून त्यांचे वजन करावे. वाटाण्याच्या पिठात साधारण २० ते २५ टक्के प्रथिन असते. मग आपल्या हाती त्यापैकी किती आले? उरलेले स्टार्चबरोबर गेले, की व्हिनेगरच्या पाण्यात विरघळलेले राहिले? पाणी दुप्पट घेतले तर काय बदलते? सोडा न घालता केले तर? प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलून, तारीख आणि वजने वहीत नोंदवून हा प्रयोग पाच-सहा वेळा केला, तर वस्तुमानाचा ताळेबंद म्हणजे काय हे कायमचे अंगवळणी पडते. मी मुलाखती घेतल्या आहेत, आणि अशी वही घेऊन आलेल्या उमेदवाराशी बोलणे हे दहा प्रमाणपत्रे पाहण्यापेक्षा अधिक फलदायी असते, हे अनुभवाने सांगतो.

आकड्यांशी मैत्री

या क्षेत्रातील बहुतेक स्वप्ने प्रमाणवाढीच्या, म्हणजे लहान टाकीतले काम मोठ्या टाकीत नेण्याच्या, टप्प्यावर अडतात. टाकीची प्रत्येक मिती दहापट केली तर आकारमान हजारपट होते, पण बाह्य पृष्ठभाग शंभरपटच वाढतो; म्हणून लहान फर्मेंटरमध्ये सहज निघून जाणारी उष्णता मोठ्या टाकीत अडकून पडते. ऑक्सिजनचेही तसेच आहे. २५ अंशांना हवेच्या संपर्कातील पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅमच ऑक्सिजन विरघळतो आणि भुकेले सूक्ष्मजीव तो पाहता पाहता संपवतात, त्यामुळे तो सतत पुरवत राहावा लागतो.

मी शिकाऊ असताना रात्रपाळीत एका लहान फर्मेंटरसमोर बसून विरघळलेल्या ऑक्सिजनची रेषा पाहत असे. यीस्ट वाढत जाई तशी रेषा खाली येई. साखर संपली की ती अचानक उसळी मारून वर जाई, आणि आता पुढची साखर सोडायची हे कळे. एकदा फेस झाकणापर्यंत चढला तेव्हा मी फेसनाशक भरपूर घातले. फेस लगेच बसला, पण पुढच्या काही मिनिटांत ऑक्सिजनची रेषाही तळाला गेली, कारण फेसनाशकामुळे हवेचे लहान बुडबुडे एकत्र येऊन मोठे होतात आणि ऑक्सिजन द्रवात उतरण्यासाठी लागणारा पृष्ठभाग कमी होतो. तेव्हापासून मी ते मोजून, थोडे थोडेच घालतो आणि शिकणाऱ्यांनाही रेषेवर नजर ठेवूनच ते घालायला सांगतो.

एक साधे गणितही जवळ बाळगावे. समजा, एका लिटर द्रवात १० ग्रॅम प्रथिन तयार होते. १ टन प्रथिनासाठी १ लाख लिटर द्रव लागेल. शुद्धीकरणात ३० टक्के वाया गेले तर सुमारे १ लाख ४३ हजार लिटर. हेच उत्पादन लिटरमागे ५० ग्रॅमवर नेले, तर वाया जाणे धरूनही २९ हजार लिटरच्या आत काम होते. टाकीचा आकार त्याच प्रमाणात घटतो आणि वीज, पाणी, मनुष्यबळही कमी लागते. एखाद्या कंपनीची घोषणा वाचली, की हा हिशेब मांडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. आपण जिथे अर्ज करणार आहोत ती कंपनी कोठे उभी आहे, हे त्यातून जाहिरातीपेक्षा लवकर कळते.

प्रयोगशाळेबाहेरची कामे

विज्ञानाची जाण आहे पण पांढरा कोट नको, अशांसाठी नियामक काम हे फार मोलाचे क्षेत्र आहे आणि त्यात माणसे कमी आहेत. युरोपीय संघात १५ मे १९९७ पूर्वी लक्षणीय प्रमाणात खाल्ला न गेलेला पदार्थ नवीन अन्न ठरतो आणि विक्रीपूर्वी त्याला मान्यता घ्यावी लागते. अमेरिकेत पेशीसंवर्धित मांसाची जबाबदारी अन्न व औषध प्रशासन आणि कृषी विभाग यांच्यात विभागलेली आहे. हे कायदे वाचता येणे आणि त्यांना हवा तो पुरावा शास्त्रज्ञांकडून वेळेत तयार करवून घेणे, हे एक वेगळे कौशल्य आहे. ॲलर्जीचेच पाहा: बुरशीने बनवलेले दुधाचे प्रथिन गायीशिवाय तयार झालेले असले, तरी दुधाची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला ते तितकेच धोक्याचे असते आणि तसा इशारा वेष्टनावर द्यावाच लागतो. अशी बाब सुरुवातीलाच ध्यानात आणून देणारा माणूस कंपनीचे अनेक महिने वाचवतो.

पर्यावरणीय जीवनचक्राचे मूल्यमापन (कच्च्या मालापासून शेवटपर्यंत पदार्थाचा पर्यावरणावर किती भार पडतो याचा हिशेब), खर्चाचे विश्लेषण, खरेदी, स्वयंपाकतज्ज्ञ म्हणून पाककृती विकसन, ही कामेही आहेत. त्यांतील पहिल्याविषयी एवढेच सांगतो की उत्तर पुष्कळदा विजेच्या स्रोतावर ठरते. कोळशाच्या विजेवर चालणारा बायोरिॲक्टर आपोआप हरित होत नाही, आणि हे प्रामाणिकपणे मांडू शकणाऱ्या विश्लेषकाची या क्षेत्राला नितांत गरज आहे.

अर्ज आणि पहिले वर्ष

अर्जासोबतच्या पत्रात ध्येयाला एक वाक्य द्यावे आणि उरलेली जागा एका प्रश्नाला: या कंपनीच्या उत्पादनात कोणती अडचण दिसते, तिच्याशी मिळतेजुळते काम आपण कोठे केले, त्यातून काय आकडे मिळाले. मुलाखतीत फसलेल्या प्रयोगाविषयी विचारतील. तेव्हा काय चुकले, ते कसे ओळखले आणि पुढच्या वेळी काय बदलले, हे क्रमाने सांगावे. आपणही विचारावे: उत्पादन आज किती लिटरवर चालते, स्वतःच्या टाकीत की कंत्राटी कारखान्यात, मान्यतेचा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे, हातातील निधी किती महिने पुरेल. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो सभ्यपणे विचारावाच. उत्तर टाळले गेले, तर त्याचीही नोंद घ्यावी.

रुजू झाल्यावर सुरुवातीला टाक्या आणि नळ्या धुण्याचे, निर्जंतुकीकरणाचे आणि नमुने काढण्याचे काम वाट्याला येते. ते मन लावून करावे, कारण दूषित झालेल्या बॅचचे मूळ बहुधा एखाद्या झडपेत, सीलमध्ये किंवा नळीच्या वळणात सापडते आणि ते वळण धुणाऱ्यालाच ठाऊक असते. प्रत्येक बॅचची स्वतःची नोंद ठेवावी. वर्ष संपेपर्यंत कच्च्या मालापासून वेष्टनापर्यंतचा सारा प्रवाह कागद न पाहता रेखाटता आला पाहिजे, आणि त्यातील कोणत्या पायरीवर सर्वांत जास्त खर्च होतो हे आकड्यासह सांगता आले पाहिजे. त्या पायरीवर काम करण्याची परवानगी वरिष्ठांकडे मागण्याची वेळ तेव्हा आलेली असते.